शेंगेन व्हिसा रिजेक्ट झाल्यावर व्हिसा-फ्री देशात जाता येतं का? माझा नागपूर ते क्वालालंपूर अनुभव

शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा नाकारला गेला की त्यानंतर जिथे व्हिसा लागतच नाही अशा देशात तरी जाता येतं का, हा प्रश्न मला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पडला तेव्हा मराठीत धड उत्तर देणारं काही सापडलं नाही. जे सापडलं ते अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी नाहीतर युरोपियन पासपोर्टवाल्यांसाठी होतं, आणि नागपुरात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. आता सगळं पार पडलंय, म्हणून तारखांसकट आणि खर्चासकट लिहून ठेवतेय. हे भारतीय पासपोर्टवर साध्या टुरिस्ट व्हिसाला नकार मिळालेल्यांसाठी आहे. ज्यांना कुठून डिपोर्ट केलंय किंवा ज्यांच्यावर एखाद्या देशाची बंदी आहे त्यांचं प्रकरण वेगळं, ते ह्यात धरू नका.

आधी माझी माहिती, कारण पुढे ती लागणार आहे. मी त्रिमूर्तीनगरला आई-बाबांसोबत राहते, घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, लग्न झालेलं नाही, घर बाबांच्या नावावर आहे. आयटीआर दरवर्षी भरते. तोपर्यंत परदेशात कुठेच गेले नव्हते, पासपोर्ट कोरा करकरीत.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या मैत्रिणींसोबत युरोपला जायचं ठरलं. ऑगस्टमध्ये फॉर्म भरला. देशाचं नाव इथे लिहीत नाही, शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि नियम सगळ्यांचे तेच. फी ९० युरो, ११ जून २०२४ पासून ती ८० वरून ९० झालीय, म्हणजे तेव्हाच्या भावानं ८ हजार ३०० च्या आसपास. वरून व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज, किमान ३० हजार युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, फोटो, झेरॉक्स, कुरिअर आणि मुंबईला जाणं-येणं. मला अपॉइंटमेंट मुंबईचीच मिळाली, रात्रीची दुरांतो पकडून गेले आणि त्याच रात्री परत निघाले. सगळं मिळून सोळा-सतरा हजार गेले. विमानाचं तिकीट मात्र काढलं नव्हतं, फक्त रिझर्व्हेशन लावलं होतं आणि हॉटेलं फुकट कॅन्सल होणारी घेतली होती. हे सगळ्यांना सांगते, व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका, फॉर्मला बुकिंगचा कागद पुरतो.

सेंटरवर दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. माझ्या बोटांवर वर्षानुवर्षं खडू धरून धरून उजव्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी इतकी गुळगुळीत झालीय की मशीन ते वाचेचना, तिथल्या मुलीनं ओला टिश्यू दिला, बोट पुसून परत दाबलं, परत लाल लाइट, मग तिनं स्वतः माझं बोट धरून काचेवर हळूच फिरवलं तेव्हा कुठे हिरवा आला. हे ठसे पुढे का महत्त्वाचे ते सांगते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुरिअर आलं. माझी दहावीची बॅच चालू होती, बाबांनी सही करून घेतलं आणि वर्ग सुटेपर्यंत पाकीट तसंच ठेवलं. पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आम्ही दोघांनी पाहिला, स्टिकर नाही, शिक्का नाही, काहीच नाही. सोबत एक छापील पत्र. त्यात नकाराची कारणं एकाखाली एक असतात, प्रत्येकापुढे चौकोन, आणि जे लागू होतं त्यावर खूण. माझ्या पत्रात खूण एकाच ठिकाणी होती, व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही शेंगेन देशांतून बाहेर पडाल याबद्दल वाजवी शंका आहे, अशा अर्थाचं वाक्य. खाली अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते.

मला फार लागलं ते. फेब्रुवारीत माझी मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसणार होती आणि मी त्यांना सोडून तिकडेच राहीन असं न भेटता कुणीतरी ठरवलं होतं. दोन-तीन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. मैत्रिणींना व्हिसा मिळाला, त्यांना फोन करून अभिनंदन केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. ज्यांना नकार आलाय त्यांना एवढंच सांगते की तुम्ही एकटे नाही, २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी साधारण ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले साधारण १ लाख ६५ हजार नाकारले गेले. हा आकडा मला नंतर कळला, तेव्हा कळला असता तर बरं झालं असतं.

अपील केलं नाही. ते त्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालतं, त्यांच्या भाषेत कागद, वकील लावला तर खर्च, आणि सुट्टी तर तोवर निघून गेली असती.

आता खरा प्रश्न इथे सुरू झाला. माझ्या युरोपच्या आधीपासून आमच्या घरात मलेशियाचं चाललं होतं. बाबा महावितरणमधून रिटायर झाले तेव्हापासून आईला एकदा तरी विमानानं परदेशी न्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसा माफ केला होता. बोर्डाची परीक्षा संपली की एप्रिल २०२५ मध्ये तिघांनी जायचं असा बेत. नकाराची बातमी नातेवाइकांत पसरली आणि वर्ध्याच्या आत्याचा फोन आला, "पासपोर्टले डाग लागला म्हणतात पोरी, मंग कोणताच देश घेत नाही. त्या म्हाताऱ्या-म्हातारीले कायले त्रास देऊन राहिली, तिकडून वापस पाठवलं तं?" आत्या वाईट मनानं बोलली नाही, तिला खरंच काळजी होती. पण आईनं ते मनावर घेतलं. ती रोज विचारायची, तुला विमानतळावर अडवलं तर आम्ही दोघं काय करायचं.

सीताबर्डीला एका एजंटकडे गेले. त्यानं दोन मिनिटांत तोडगा दिला, पासपोर्ट हरवला म्हणून सांगा, नवीन काढा, नवीन नंबर आला की जुनं सगळं साफ. बरं, हा सल्ला फक्त मलाच नाही मिळाला, नंतर ओळखीतल्या अजून दोघांना मिळाल्याचं कळलं, म्हणून इथे थोडं थांबून लिहिते. पहिली गोष्ट, खोटी माहिती देऊन पासपोर्ट काढणं हा पासपोर्ट ॲक्ट १९६७ खाली गुन्हा आहे, त्यात कैदसुद्धा होऊ शकते. दुसरी, आपला पासपोर्ट काढून शेवटचं पान बघा, जिथे आई-वडिलांचं नाव आणि पत्ता असतो, तिथेच खाली जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापायची जागा असते. म्हणजे नवीन पासपोर्ट स्वतःच जुन्याचा पत्ता सांगतो. आणि तिसरी, शेंगेन देशांकडे व्हीआयएस नावाची सिस्टिम आहे, त्यात तुमचा अर्ज, त्याचा निकाल आणि ती दहा बोटं पाच वर्षांपर्यंत राहतात. नंबर बदलून बोटं थोडीच बदलणार. मी त्याला नाही म्हटलं आणि निघाले.

धरमपेठेतल्या दुसऱ्या एका एजंटकडे ताई नीट बोलल्या, मलेशियाला काही होत नाही म्हणाल्या, पण का होत नाही ते त्यांना सांगता आलं नाही आणि माझ्या आईला का हेच हवं होतं. म्हणून मग रात्री बॅच संपल्यावर एकेका देशाच्या इमिग्रेशनच्या साइटवर जाऊन वाचायला लागले. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यातच गेली.

वाचून जे समजलं ते असं. व्हिसाचा अर्ज नाकारणं, सीमेवर उतरल्यावर आत न घेता परत पाठवणं, आणि देशातून हाकलून देणं किंवा बंदी घालणं, ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक बोलताना तिन्ही एकाच पिशवीत घालतात. माझ्याबाबतीत फक्त पहिली झाली होती. व्हिसा-फ्री म्हणजे त्या देशानं आपल्या पासपोर्टला दिलेली सवलत, ती तुमच्या जुन्या अर्जांवर नाही तर नागरिकत्वावर ठरते. काउंटरवरचा ऑफिसर बघतो तो पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर आहे का, परतीचं तिकीट आहे का, राहायची सोय आणि खर्चाला पैसे आहेत का, आणि त्यांच्याच देशात तुमच्या नावावर काही जुनं आहे का. व्हीआयएस ही शेंगेनवाल्यांची आपसातली सिस्टिम, ती क्वालालंपूरच्या काउंटरवर उघडत नाही. तरी आत घ्यायचं की नाही हा शेवटचा अधिकार कायम त्या ऑफिसरचाच असतो, व्हिसा असला तरी आणि नसला तरी, हे डोक्यात ठेवायचं.

हे मी आईला कागदावर लिहून दिलं. बाबांनी तिला त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, एका शाळेनं ॲडमिशन दिली नाही म्हणून दुसरी शाळा नाव कापते का. ते तिला पटलं.

पण अजून एक अडचण होती. मलेशियाची ती सवलत तेव्हा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच होती आणि आम्हाला जायचं होतं एप्रिलमध्ये. ऑक्टोबर, नोव्हेंबर नुसती वाट बघण्यात गेले, तिकिटं वर चढत होती आणि बाबा रोज सकाळी चहासोबत विचारायचे, आलं का काही. डिसेंबरात मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढल्याचं जाहीर झालं आणि जानेवारीत आम्ही तिकिटं काढली. व्हिसा-फ्रीच्या सवलती अशा तारखेच्या असतात, तुमच्या प्रवासाची तारीख त्यात बसते का ते बघूनच पैसे भरा. जुने व्हिडिओ बघून तर मुळीच नाही.

मलेशियासोबत सिंगापूर जोडायचं ठरलं आणि त्याला भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत काढायचा, फी ३० सिंगापूर डॉलर, तेव्हा १ हजार ९०० च्या आसपास, वर एजंटचे वेगळे. त्याचा १४-ए नावाचा फॉर्म आहे. त्यात शेवटी एक प्रश्न येतो, तुम्हाला सिंगापूर धरून कुठल्याही देशात प्रवेश नाकारला गेलाय का किंवा तिथून डिपोर्ट केलंय का. हा फॉर्म समोर ठेवून मी बराच वेळ बसले. धरमपेठेच्या ताई म्हणाल्या सरळ नाही लिहा, ओळखीतला एक जण म्हणाला सेफ्टी म्हणून हो लिही आणि पत्र जोड. मी रिफ्युजल लेटर परत काढून वाचलं. त्यात माझा अर्ज नाकारला होता, मला कुठल्याही सीमेवर कुणी अडवलं नव्हतं, सीमेपर्यंत मी गेलेच नव्हते. विचारलंय ते प्रवेशाबद्दल, म्हणून नाही लिहिलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं, न विचारलेलं आपल्या मनानं हो म्हणून ओढवून घ्यायचं नाही, आणि विचारलेलं लपवायचं नाही. काही दिवसांत तिघांचेही ई-व्हिसा पीडीएफमध्ये आले. तेव्हा पहिल्यांदा घरात जरा हलकं वाटलं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपली आणि मग तयारी. मलेशियासाठी एमडीएसी म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, त्याआधी भरता येत नाही. ते पूर्ण फुकट आहे. गुगलवर शोधलं की वरतीच पैसे मागणाऱ्या साइट्स येतात, त्या सरकारी नाहीत, मलेशियाच्या इमिग्रेशनच्या साइटवरूनच भरा. त्यात नाव, पासपोर्ट, फ्लाइट, राहायचा पत्ता एवढंच विचारतात, व्हिसा नाकारल्याचा प्रश्नच नाही. मी घाबरून तीनदा वर-खाली करून पाहिलं, खरंच नाही. सिंगापूरचंही तसंच कार्ड असतं, तेही फुकट, तेही तीन दिवस आधी.

एका फोल्डरमध्ये प्रत्येकाचं वेगळं, परतीचं तिकीट, हॉटेलची बुकिंगं, एमडीएसीची प्रिंट, इन्शुरन्स, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बाबांचं पेन्शनचं कार्ड. रिंगिट नागपुरातूनच थोडे घेतले, १९ रुपयांच्या आसपास भाव होता, बाकी फॉरेक्स कार्डवर. रिफ्युजल लेटरची झेरॉक्सही माझ्या फोल्डरमध्ये सगळ्यात मागे ठेवली होती, कुणी विचारलंच तर दाखवता यावी म्हणून.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून सकाळच्या विमानानं मुंबई, तिथून रात्री क्वालालंपूर. नागपुरात बेचाळीसच्या आसपास तापमान होतं आणि आई त्या उन्हात स्वेटर हातात घेऊन निघाली होती.

अडवणारे पहिले लोक इमिग्रेशनचे नसतात, एअरलाइनच्या काउंटरवरचे असतात, हे मला तिथे गेल्यावर नीट कळलं. प्रवाशाला समोरच्या देशानं आत घेतलं नाही तर परत आणायचं एअरलाइनवर येतं आणि वर दंडही बसू शकतो, म्हणून ते कसून बघतात. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीनं परतीचं तिकीट, पहिल्या हॉटेलचं बुकिंग आणि एमडीएसी मागितलं, सिंगापूरचे ई-व्हिसा बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी तपासलं आणि बोर्डिंग पास दिले. भारतीय इमिग्रेशनवर मला विचारलं, कशासाठी जाताय, किती दिवस, काय करता. शिकवण्या घेते म्हटलं. कुठल्या विषयाच्या म्हणाला, गणिताच्या म्हटलं, शिक्का मारला. युरोपचं नावसुद्धा निघालं नाही.

क्वालालंपूरला पहाटे उतरलो. रांग लांब होती. मी मुद्दाम आई-बाबांच्या पुढे उभी राहिले, काही झालंच तर ते दोघं अजून अलीकडेच असावेत म्हणून. माझी पाळी आली तेव्हा छाती इतकी धडधडत होती की ऑफिसरचा पहिला प्रश्न ऐकूच आला नाही. तिनं परत विचारलं, किती दिवस. मी सांगितलं. हॉटेल कुठे, सांगितलं. मग दोन्ही हातांची पहिली बोटं काचेवर ठेवायला लावली, आणि उजवं बोट मशीननं परत घेतलं नाही. मी ते साडीच्या पदराला, म्हणजे आईच्या पदराला, ती मागेच उभी होती, पुसलं आणि परत ठेवलं. घेतलं. ३० दिवसांचा शिक्का बसला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं लागली असतील. मागून आई-बाबा आले, त्यांना तर काही विचारलंही नाही. आईनं तिथेच आत्याला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाटेचे तीन वाजले होते तरी आत्यानं उचलला आणि म्हणाली, "पोचली ना बाप्पा सुखरूप, आता झोपू दे मले."

फिरण्याबद्दल जास्त लिहीत नाही, बातू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या आई न थांबता चढली आणि बाबा मध्ये दोनदा बसले एवढं नोंदवून ठेवते. सिंगापूरला बसनं गेलो. एक उपयोगाची गोष्ट तिथली, सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, ई-पास ईमेलवर येतो. तो ईमेल जपून ठेवा, नाहीतर पुढच्या व्हिसाला तुम्ही सिंगापूरला जाऊन वेळेत परत आलात हे दाखवायला पासपोर्टमध्ये काहीच नसतं.

मग रिजेक्शनचा व्हिसा-फ्रीवर परिणाम होतच नाही का? होतो, पण आडून होतो, आणि तो मला मेमध्ये कळला. त्याच मैत्रिणींनी जॉर्जियाचं ठरवलं. एकीकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा, दुसरीकडे शेंगेनचा वर्षभराचा मल्टिपल. जॉर्जियाचा नियम असा की अमेरिका, शेंगेन वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना ९० दिवस वेगळा व्हिसा लागत नाही. त्या दोघी तशाच जाऊ शकत होत्या, मला मात्र आधी व्हिसा काढावा लागला असता. सर्बियाचंही तेच, २०२२ पर्यंत आपल्याला ३० दिवस सरळ जाता यायचं, १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं आणि आता ज्यांच्याकडे शेंगेन, यूके किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांनाच सूट. फिलिपाईन्सनं ८ जून २०२५ पासून आपल्याला टुरिझमसाठी १४ दिवस व्हिसा-फ्री दिले, पण अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर, यूके यांच्यापैकी एकाचा चालू व्हिसा असेल तर ३० दिवस. म्हणजे नकारामुळे आधी मिळत होतं ते काही जात नाही, पण त्या व्हिसाच्या आधारानं जी दारं उघडली असती ती उघडत नाहीत. मलेशिया, मॉरिशस, नेपाळ असल्या देशांना असली अट नाही, तिथे नकार मिळालेला आणि न मिळालेला सारखाच.

दुसरा परिणाम माझ्या मावसबहिणीकडून कळला. ती जर्मनीत असते, तिला कॉलेजात असताना अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला होता, भारतीय पासपोर्टवर. आता ती जर्मन नागरिक झाली. जर्मन पासपोर्टवर अमेरिकेला व्हिसा लागत नाही, फक्त एस्टा नावाची ऑनलाइन परवानगी. पण एस्टाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे, आताच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर तुम्हाला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेलाय का. पासपोर्ट बदलला, नागरिकत्व बदललं, तरी उत्तर हो. तिनं हो लिहिलं, परवानगी मिळाली नाही, आणि मग रीतसर व्हिसासाठी कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूला जावं लागलं. हो लिहिलं की प्रत्येकाला नकारच येतो असं नाही, पण ज्यांची मुलं पुढे तिकडचं नागरिकत्व घेणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅनडाच्या ईटीएमध्ये (एस्टासारखीच ऑनलाइन परवानगी) तर कॅनडा किंवा इतर कुठल्याही देशानं व्हिसा नाकारलाय का असं विचारतात, म्हणजे तिथे माझ्यासारख्यांचा शेंगेनचा नकारही लिहावा लागेल.

आणि लपवायचा तर विचारही करू नका. अमेरिका, यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनची माहिती एकमेकांना देतात. खोटं सापडलं तर कॅनडा पाच वर्षं, यूके दहा वर्षं बंदी घालू शकतो आणि अमेरिकेत तर खास सूट मिळाली नाही तर बंदी कायमची असते. साध्या नकारानं जे होत नाही ते ह्या एका खोट्या टिकमार्कनं होतं, ह्याची मला खरंच भीती वाटते, कारण नागपुरात पोरं दर वर्षी शिक्षणासाठी बाहेर जातात आणि त्यांचे फॉर्म दुसरेच भरून देतात. फॉर्म एजंटनं भरला तरी सही तुमची असते, सबमिट करायच्या आधी प्रत्येक पान स्वतः वाचा.

जुलै २०२५ मध्ये मी त्याच देशाकडे परत अर्ज केला. शेंगेनच्या व्हिसा कोडमध्ये, कलम २१ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की आधीच्या नकारामुळे नवीन अर्ज आपोआप नाकारता येत नाही. फी परत ९० युरो, आधीची परत मिळत नाही. ह्या वेळी कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात आधीच्या नकाराची तारीख, अर्ज क्रमांक आणि कारण लिहिलं, आणि त्या कारणालाच उत्तर दिलं. शिकवण्यांचं उद्यम सर्टिफिकेट (छोट्या व्यवसायाच्या सरकारी नोंदणीचं, ऑनलाइन फुकट निघतं), पुढच्या वर्षीच्या बॅचच्या मुलांची यादी आणि फीच्या पावत्या, तीन वर्षांचे आयटीआर, आई-बाबांच्या मेडिक्लेमची पॉलिसी जिचा हप्ता माझ्या खात्यातून जातो, मलेशियाचे शिक्के आणि सिंगापूरचा तो ईमेल. पहिल्या वेळी मागितलेल्या कागदांच्या यादीत ह्यातलं बरंचसं नव्हतंच, पण ज्याची नोकरी नाही, स्वतःचं काम आहे, त्यानं यादीच्या पुढे जाऊन हे लावावं असं माझं ठाम मत आहे. ठशांच्या वेळी सेंटरवाल्यांनी सांगितलं की ५९ महिन्यांच्या आतले ठसे सिस्टिममधून घेता येतात, त्यामुळे बोटं परत द्यावी लागली नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी पासपोर्ट आला, व्हिसा लागलेला, सिंगल एंट्री, मागितलेल्या तारखांपुरता. दिवाळीत एकटीच जाऊन आले. फेब्रुवारीत परीक्षा आहे, आता बॅच जोरात चालू आहे.

रिफ्युजल लेटर मी फाडलं नाही, तुम्हीही फाडू नका. स्कॅन करून ड्राइव्हवर आणि मूळ कागद पासपोर्टच्या जुन्या कागदांसोबत ठेवलाय. देश, तारीख, अर्ज क्रमांक आणि पत्रातलं कारण जसंच्या तसं मोबाईलच्या नोट्समध्येही टाकून ठेवलंय, कारण यूके किंवा कॅनडाच्या फॉर्ममध्ये हे सगळं विचारतात आणि कागद शोधेपर्यंत पान टाइम-आउट होऊन जातं.